हजेरीतलं नाव

नाही हो, थंडीचं तितकं काही नव्हतं — सगळे तेच विचारतात, थंडी फार होती का, खायचे हाल झाले का — तुम्हीही तेच विचारलंत म्हणून हसू आलं, रागावू नका. थंडी होती. माद्रिदला डिसेंबरात नळाखाली हात धरला की बोटं आपली वाटायची नाहीत. आणि खायचं म्हणाल तर बटाट्याचं जाड धिरडं मिळतं तिथे, अंड्यातलं — बघा, बोलून गेले. तुमच्या ठकुआत्यांना सांगू नका हं. एकदाच खाल्लं. म्हणजे दोनचारदा. — अगं बाई! काय पडलं ते? शेंग होय. लालबागेतली ही जुनी झाडं अशीच, न सांगता लाकडासारखी शेंग टाकतात. मला दचकायला काही लागत नाही. बाबा म्हणायचे, कोर्टात पुकारा झाला की अशिलाआधी आमच्या वकीलबाईच पळत सुटतील.

सगळे वर पोचले का हो? टेकडीवर ती हिरवी किनार दिसतेय, त्या तुमच्या आत्याच ना? आणि मागे छत्री टेकत आमचे भीमूकाका. म्हणजे थोडा वेळ आहे. मुद्दाम गेलेत ते, तुम्हालाही कळलं असेलच — "पोरांना स्वल्प बोलू दे" असं काका म्हणालेले मी ऐकलं. लग्न ठरलं, मुहूर्त निघाला, कार्यालयाला विसार दिला, आणि आता बोलायचं! असो. मला तुम्हाला एकच विचारायचंय. ते खाली यायच्या आत विचारून टाकते. माझं नाव बदलू नका. — थांबा, लगेच उत्तर देऊ नका, आधी ऐकून घ्या. लगेच दिलेलं उत्तर मला नीट ऐकूच येत नाही, कानात नुसतं धडधडतं.

आमच्या कॉलेजात स्पेनच्या एक सिस्टर होत्या, संध्याकाळी कँटोन्मेंटमधल्या मठात भाषा शिकवायच्या. मी आणि दोन अँग्लो-इंडियन मुली. त्या दोघी नाताळानंतर यायच्या थांबल्या, मी राहिले — मला नाही म्हणायचं कसं तेच सुचलं नाही, म्हणून शिकले, खरं सांगायचं तर. आणि मग कायद्याची बी.एल. झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, एका सत्राची शिष्यवृत्ती आहे, तिथल्या विद्यापीठात कायदा शिकून ये, मुलींच्या वसतिगृहात सोय होईल. काका म्हणाले, कायदा शिकायचा तर लंडनला जातात, स्पेनला कशाला, बैलांचे खटले लढायला? बाबा विमानाच्या कारखान्यात नकाशे काढायचे ना, घरीही तसेच, पेन्सिल कानावर आणि गप्प. दुसऱ्या दिवशी सुटकेस घेऊन आले.

तर नाव. पहिल्याच दिवशी तिथल्या कचेरीत मी माझं नाव आपण लिहितो तसंच लिहिलं — नयना उमाकांत हुदलीकर. आता त्यांची रीत काय, माणसाला आडनावं दोन. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. त्यांनी हिशेब केला की उमाकांत हे बापाचं आडनाव आणि हुदलीकर हे आईचं. झालं! वर्गात सर हजेरी घ्यायला लागले आणि मधेच म्हणाले, "सेन्योरिता उमाकांत." कुमारी उमाकांत! मी अशी उडाले — बाकावरची दौत सांडली. मला वाटलं बाबाच आलेत दारात. सगळे हसले. सांगायला हवं होतं ना, की अहो, ते माझ्या वडिलांचं नाव आहे, आडनाव नव्हे? पण सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या, आणि ती भाषा मठात बोलायची वेगळी आणि तिथे वेगळी. मी म्हटलं, "प्रेसेंते." म्हणजे हजर. आणि मग रोजच. पत्रात लिहिलं तर बाबांनी उलट लिहिलं — प्रिय सेन्योरिता उमाकांत, तुझ्या नादानं मीही न्यायशास्त्र शिकतो आहे, तेही फी न भरता. त्यांनी केलेला एवढा लांबलचक विनोद मला दुसरा आठवत नाही.

कायदा? कायदा विचारू नका. तिथे लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याचं ऐकावं असं कलमच आहे, छापलेलं. त्याच्या संमतीवाचून तिला करार करता येत नाही, नोकरी धरायची तर त्याची संमती. वर्गात आम्ही मोजक्या मुली, त्यातली एक माझ्या शेजारची, न्यायाधीश व्हायचं म्हणायची — बाईला होताच येत नाही तिथे! मी मनात म्हटलं, आमच्याकडे बरं आहे, आमच्याकडे मुलींना वारसाहक्क झाला, सगळं झालं. मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलंही. तर ती म्हणाली, मग लग्न झाल्यावर तू सही काय करणार? मी म्हटलं, नवऱ्याचं आडनाव. आणि मध्ये? मध्ये नवऱ्याचं नाव. मग तुझं काय राहिलं, नयना ना? मी म्हटलं, तेही बदलतात, लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहितात. तिला वाटलं, मला भाषा येत नाही म्हणून मी काहीतरी भलतंच बोलतेय. तिला आयुष्यभर सही करायला परवानगी लागणार होती, पण सही तिची होती. — बघा, मी भाषण करायला लागले. तुम्हाला उन्ह लागतंय का? इकडे सरका. एवढं नको, लोक बघतात.

मग फेब्रुवारीत तार आली. बाबा गेल्याची. बोटीनं यायचं म्हटलं तरी काय उरणार होतं, दिवसवारही होऊन गेले असते. सिस्टरांनी कळवलं, परीक्षा देऊनच ये. ती रात्र गेली. सकाळी मला दुसरं काही करायचं सुचेना, म्हणून मी वर्गात गेले. कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सर यादी वाचायला लागले. मला माहीत होतं ना, येणार — एकेक अक्षर खाली येत होतं, मी बाक घट्ट धरून बसले — आणि त्यांनी हाक मारली. उमाकांत. मी म्हटलं, हजर.

सत्र संपेपर्यंत म्हणत होते. रोज. तेवढ्यासाठी जात होते मी वर्गात, कायद्यासाठी नाही. हे आईलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला का सांगतेय कोण जाणे, आपण तर आज दुसऱ्यांदा भेटतोय.

म्हणून म्हटलं. म्हणजे सगळं नाव ठेवा असं नाही म्हणत, मी हट्टी नाही, कुणालाही विचारा. आडनाव तुमचं लावीन. मधलं — मधलंही तुमचंच लावायचं, रीतच आहे, बाबांचं जाणारच. फक्त नयना राहू द्या. वकिलीच्या सनदेचा अर्ज करायचाय, बी.एल.चा कागद त्या नावाचा आहे, काही तरी एक जुळायला हवं ना? — काय? सनदेचं नंतर बघू? हो. काकाही तेच म्हणतात, नंतर बघू. सरी, बरं तर. नंतर बघा. सनद राहू दे. पण नाव तरी —

— कोण शिट्टी वाजवतंय! माळी होय. कुणीतरी गवतावर बसलं असेल. बोला, मी ऐकतेय. — आत्यांनी? केव्हा? — चिकपेटेतल्या दुकानात? लग्नाच्या भांड्यांवर नवं नाव घालूनसुद्धा झालं? सगळ्यांवर? — नाही, तुमचा काय दोष, तुम्हाला तरी कुठे विचारलं असेल. घंगाळावरसुद्धा. मग आता ते घासून थोडंच जाणार आहे. काय — काय घातलंय?

अलका.

छान आहे. नाही, खरंच, छान आहे, लिहायलाही सोपं. ताटात तांदूळ कमी लागतील. — हसा ना, मी विनोद केला.

त्या बघा, उतरायला लागल्या. हात करताहेत. तुम्ही पुढे व्हा, आत्यांना पायऱ्या उतरताना धरायला हवं कुणीतरी, मी पदर सारखा करून मागून येते. आणि एक — त्या नावानं मला आत्ता हाक मारून बघू नका हं. नको. मी ओ देणार नाही, आणि आत्या-काका तिथे वाट बघत बसतील. जा तुम्ही.