मोठी बॅग उशिरा येते

धाकटी : काढा ती बाहेर, वहिनी. सांगून सांगून माझा घसा बसला. जहाजावर इस्त्री चालत नाही.

थोरली : का चालत नाही? वायर नवी आहे. परवाच बदलून घेतली.

धाकटी : वायर सोन्याची असली तरी नाही चालत. आगीची भीती असते त्यांना. बॅग यंत्रातून जाते, आत इस्त्री दिसली की ती बॅग बाजूला काढतात आणि आपल्याला बोलावतात. मागच्या वर्षी मी गेले होते तशा बोलावण्यावर. जहाजाच्या पोटातली खोली, आणि माझ्यासारखे वेंधळे रांगेत उभे. कुणाची किटली, कुणाच्या मेणबत्त्या. माझा एक्स्टेंशन बोर्ड होता.

थोरली : अगं, माझा जन्म इस्त्रीच्या टेबलामागे गेला. चुरगळलेल्या कपड्यात मी कधी जिना उतरले नाही. आणि आता चार दिशांची माणसं जमलेली असताना घड्या पडलेला ड्रेस घालून जेवायला जाऊ? लोक म्हणतील, लाँड्रीवाली ती हीच का?

धाकटी : तिथे कुणाला ठाऊक तुम्ही लाँड्रीवाल्या आहात ते?

थोरली : मला ठाऊक आहे ना.

धाकटी : ड्रेस न्हाणीघरात टांगायचा, गरम पाण्याचा नळ सोडायचा. वाफेने घड्या जातात.

थोरली : वाफेने घडी जात नाही. ओशाळते फक्त. आपली पाठ वळली की परत उभी राहते.

धाकटी : तुमच्यापुढे हात टेकले. भाऊजी म्हणायचे ते काही खोटं नव्हतं.

थोरली : काय म्हणायचे?

धाकटी : हिच्या मानेला खळ लावावी लागत नाही.

थोरली : म्हणायचे खरे. असो. इस्त्री राहू दे बॅगेत. बघू कोण काढून घेतं ते.

धाकटी : बरं, मग ही छोटी पिशवी तरी माझ्या मताने भरा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. मोठी बॅग बंदरावरच हमाल घेतात, आणि खोलीत ती उशिरा येते. कधी कधी तर अंधार पडल्यावर. तोवर जहाजावर तुम्ही आणि ही पिशवी. पासपोर्ट, तिकीट, गोळ्या, चष्मा, एक जोड कपडे, सगळं यात.

थोरली : ठेवलंय.

धाकटी : मी गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या. रक्तदाबाची वेळ झाली, बॅगेचा पत्ता नाही. खोलीबाहेर जमिनीवर बसून राहिले वाट बघत. लेक म्हणते, आई, आत ये गं, लोकांना वाटेल मी तुला घराबाहेर काढलंय. मळमळीची गोळी घेतलीत?

थोरली : पिशवीत आहे.

धाकटी : जहाज हलायच्या आधी घ्यायची. हलल्यावर घेतली की गोळीसुद्धा बाहेर येते.

थोरली : हा अनुभव?

धाकटी : विचारू नका. आणि शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून ते लोक त्या खाली नेतात. उतरताना घालायचे कपडे आधी बाजूला काढा, नाहीतर पंचाईत.

थोरली : एवढी लाल का झालीस सांगताना?

धाकटी : कारण मी सगळं भरलं बॅगेत. अगदी चपलांसकट. सकाळी उठते तर अंगावर फुलाफुलांचा गाऊन आणि पायात खोलीतल्या कागदी सपाता.

थोरली : अगं बाई! मग?

धाकटी : मग काय, जन्मभर तिथे राहू? मान वर करून उतरले. दारातला अधिकारी म्हणाला, छान आहे ड्रेस. मीही म्हटलं, थँक्यू.

थोरली : आणि लेक?

धाकटी : ती बरीच मागून येत होती. ओळख नसल्यासारखी. हसा, हसा. कोण आलं बघा, बेल वाजली.

मुलगा : आई, दार उघडंच होतं. काय हे, बॅग अजून तशीच पसरलेली?

थोरली : झालंच आहे. चेन लावायची राहिली. तू ऑफिस सोडून आलास?

मुलगा : बोलायचं होतं. काकू, तुम्ही कधी आलात?

धाकटी : कालच. जहाज पकडायचं तर आदल्या दिवशी बंदराच्या गावात असावं. आमची गाडी उशिरा आली तर जहाज थोडंच थांबणार आहे माझ्यासाठी?

मुलगा : तुम्ही जा ना, मजा करा. आईचं मात्र मला पटत नाही. आई, प्रॅक्टिकल विचार कर. तुझा गुडघा.

थोरली : गुडघा सोबत येतोय. त्याला इथे ठेवून जात नाही.

मुलगा : तिथे सगळे जिनेच जिने.

धाकटी : लिफ्ट असते. आणि खोली मधोमध घेतलीय, खालच्या बाजूला. तिथे हलतं कमी.

मुलगा : काकू, प्लीज. आई, पोरांना सुट्टी लागतेय. आम्ही दोघं ऑफिसात. तू नसलीस तर कोण बघणार त्यांना?

थोरली : मी तिकीट काढलं त्या दिवशीच तुला सांगितलं होतं. तेव्हा म्हणालास, बघू. तुझं बघून झालं नाही, त्याला मी काय करू?

मुलगा : मला वाटलं तू नाहीच जाणार.

थोरली : का वाटलं?

मुलगा : कधी गेलीयस कुठे?

थोरली : हे मात्र बरोबर बोललास. तुझे बाबा दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणायचे. आपल्या दुकानात कुणाचे कपडे यायचे, आठवतंय?

मुलगा : जहाजवाल्यांचे.

थोरली : पांढरे कोट. गठ्ठेच्या गठ्ठे. खळ घालायची, पट्ट्या जपायच्या, बाहीची घडी अशी काढायची की बोट कापेल. दुकानाच्या दारातून जहाजं दिसायची. मी कोट हँगरला लावायचे आणि मनात म्हणायचे, जा बाबा, तू तरी जा. माझ्या हातचे कोट सगळं जग फिरून आले रे, आणि मी त्या शिडीची पहिली पायरी चढले नाही. आता दुकान बंद झालं. आता कुणाचं गिऱ्हाईक तुटणार आहे?

मुलगा : पण आत्ताच कशाला? पुढच्या वर्षी आपण सगळेच...

थोरली : तो शब्द काढू नकोस. या घरात तो शब्द झिजून झिजून फाटलाय.

मुलगा : बाबा असते तर नको म्हणाले असते.

थोरली : हो, म्हणाले असते. आणि मी ऐकलं असतं. म्हणून तर आता ऐकत नाही.

धाकटी : वहिनी, चहा निवतोय. तूही घे रे.

मुलगा : नको. बरं, तुझं ठरलंच असेल तर मी कोण अडवणारा? चेन लाव, बॅग मी खाली नेतो. गाडीत ठेवतो, मीच सोडतो तुम्हाला बंदरावर.

थोरली : खरंच?

मुलगा : खरंच. केवढी जड आहे ही! काय भरलंय?

धाकटी : त्यात एक लोखंडी वस्तू आहे. विचारू नकोस.

मुलगा : तुम्ही चहा संपवा. मी गाडी वळवून दारात आणतो.

धाकटी : बघितलंत? उगाच भिता त्याला. पोरगा मनाने वाईट नाही.

थोरली : वाईट नाहीच. पण एवढ्या लवकर हो म्हणाला, ते खटकलं. लहानपणी दूध प्यायलो असं म्हणून कुंडीत ओतायचा, तेव्हा अस्संच बोलायचा. गाडी आली का बघ खिडकीतून.

धाकटी : गाडी दिसत नाही. वळवायला लांब गेला असेल.

थोरली : फोन वाजतोय. त्याचाच. स्पीकरवर टाक, मला ते बटण सापडत नाही.

मुलगा : आई, आधीच सांगतो, रागावू नकोस. मी ऑफिसला निघालोय.

थोरली : आणि बॅग?

मुलगा : डिकीत आहे. संध्याकाळी घेऊन येतो. तेव्हा निवांत बोलू.

थोरली : संध्याकाळी जहाज सुटलेलं असेल.

मुलगा : हो.

धाकटी : हो म्हणतोय! अरे, आईची बॅग पळवलीस तू? लाज नाही वाटत?

मुलगा : वाटतेय, काकू.

थोरली : गाडी बाजूला घे. घेतलीस? आता खरं सांग. गुडघा आणि पोरांची सुट्टी सोडून.

मुलगा : काय सांगू?

थोरली : जे आहे ते.

मुलगा : बाबा गेले तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे होतो, आई. तुझा फोन आला तसा धावत सुटलो. तरी उशीर झाला. तुला तिथे मधेच समुद्रात काही झालं, तर मी धावू कुठे? पाण्यावरून?

धाकटी : अरे राजा.

थोरली : तू थांब जरा, मला बोलू दे. एवढा घाबरलायस तर घाबरलोय म्हणायचं होतंस. मी जवळ बसवून घेतलं असतं तुला. बॅग कशाला पळवायची?

मुलगा : बोलता येत नाही मला तसं.

थोरली : तुझ्या बाबांनाही यायचं नाही. हे बघ, तुझी भीती खोटी नाही. पण ती तुझी आहे. मी घरात बसले म्हणून ती जाणार नाही. आज समुद्राची वाटते, उद्या माझ्या जिन्याची वाटेल, परवा न्हाणीघराची. मग मी काय करू? खुर्चीत बसून तुला धीर देत राहू? मी अजून जिवंत आहे रे. मला जिवंत माणसासारखं राहू दे.

मुलगा : गाडी बंद केली मी.

थोरली : ऐकतोयस ना?

मुलगा : ऐकतोय.

थोरली : त्या डिकीतल्या बॅगेत काय आहे, ठाऊक आहे?

मुलगा : तुझं सामान.

थोरली : कपडे आहेत. आणि दुकानातली इस्त्री. जहाजावर ती चालत नाही म्हणे. सकाळपासून ही मागे लागली होती, काढा म्हणून. माझ्याने काढवत नव्हती. तू काढून घेतलीस, बरं झालं.

मुलगा : म्हणजे? तू बॅगेशिवाय निघालीस?

थोरली : मोठी बॅग तशीही उशिरा येते. माझी जरा जास्त उशिरा येईल. माझ्या हातातल्या पिशवीत सगळं आहे. एक जोड कपडे, गोळ्या, चष्मा.

मुलगा : पासपोर्ट?

धाकटी : पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकू देईन का मी त्यांना? तोही पिशवीतच आहे.

मुलगा : आई, एका जोडावर? तू? कॉलरला जरा घडी दिसली तर मला शाळेच्या फाटकातून परत आणणारी तू?

थोरली : हो. मी.

मुलगा : थांब. मी वळतो. बॅग आणून देतो.

थोरली : नको. बॅग आणलीस की तूही येशील, दारात उभा राहशील, डोळ्यांत पाणी आणशील, आणि माझा पाय निघणार नाही. ऑफिसला जा. घरी गेलास की बॅगेतली इस्त्री काढ आणि उद्याचा शर्ट तूच कर. कॉलर आधी आतल्या बाजूने घ्यायची, टोकाकडून मधे यायचं. उलट केलंस तर टोकाला चुणी जमते.

मुलगा : आई...

थोरली : आल्यावर बघते कसा केलास ते. ठेव फोन. आणि तू काय तोंड उघडं टाकून बसलीस? टॅक्सी बोलाव.

(दुपारी, बंदरावर जहाजाच्या दाराकडे सरकणारी रांग.)

धाकटी : वहिनी, आत गेलं की पहिल्यांदा आपली जागा बघून यायची. संकट आलं तर कुठे जमायचं ती. ते सगळ्यांनाच करावं लागतं. आणि आपल्या दाराला मी लाल रिबीन बांधणार आहे. सगळी दारं सारखी असतात. मागच्या वर्षी मी भलत्याच माणसाच्या खोलीत जाऊन त्याला माझ्या खोलीतून बाहेर हो म्हणाले होते.

थोरली : झाला तो बाहेर?

धाकटी : झाला बिचारा. तुमचा फोन थरथरतोय.

थोरली : वाच काय ते. चष्मा पिशवीत तळाला आहे.

धाकटी : त्याचाच मेसेज आहे. "मळमळीची गोळी घेतलीस का? जहाज हलायच्या आधी घे."

थोरली : कळव, घेतली म्हणून.

धाकटी : आणखी काही लिहू?

थोरली : लिही, पोचले. आणि पोचल्याचं रोज कळवीन म्हणून लिही. वाय-फाय का काय ते तू बघ.

धाकटी : लिहिलं. अगं बाई, वर बघा. शिडीशी उभा आहे ना, पांढऱ्या कोटातला, तो अधिकारी.

थोरली : केव्हाची बघतेय. डाव्या बाहीची घडी वाकडी आहे. घाईत केलाय कुणीतरी.

धाकटी : आता तुम्ही त्याला कोट काढायला लावू नका म्हणजे झालं. आणि वहिनी, बोलू का? रागावणार नसाल तर बोलते. तुमचा ड्रेस मागून पार चुरगळलाय. टॅक्सीत बसून. ओढून सारखा करू?

थोरली : राहू दे. पुढे चल, रांग सरकली.