पिवळ्या गाडीची पहिली खेप

(विओरेलचं जुन्या गाड्या विकायचं अंगण. तुदोर आणि त्याची मुलगी स्मारांदा गाडी बघायला आलेत.)

तुदोर : पुढचं नको रे, मागचं दार उघड. पुढून सगळ्याच गाड्या गोड दिसतात.

विओरेल : हे घ्या काका, एका बोटानं सरकतंय. जर्मनीत एका रिटायर्ड मास्तरांकडे होती. रविवारी चर्चला जायचे तेवढीच. बाकी सहा दिवस गॅरेजमध्ये, वर चादर घालून.

तुदोर : तू आणलेली प्रत्येक गाडी मास्तराचीच असते. जर्मनीत सगळेच मास्तर, तर मग गाड्या कोण बनवतं?

स्मारांदा : बाबा, एअरबॅग किती आहेत ते विचारा.

तुदोर : तुझ्या आईला गाडीत बसता आलं तर एअरबॅगचा प्रश्न येईल ना. विओरेल, तो दांडा दे माझा.

विओरेल : हा झाडूचा?

तुदोर : झाडू घरी ठेवलाय, दांडाच आणलाय. ही खूण बघ, ही हिच्या आईच्या कमरेची. काल ओट्यापाशी उभी होती तेव्हा मापली. ओरडली मला, म्हणाली शवपेटीचं माप घेतोस का. सीट या खुणेपाशी यायला हवी. खाली असली तर ती बसेल पण उठणार नाही, वर असली तर मागून मला ढकलावं लागेल. आणि मला आता ते जमत नाही.

विओरेल : आली की बरोबर! बघा, बघा, दोन बोटं इकडेतिकडे.

तुदोर : दोन बोटं उशी दबते. ठीक. आता लोहचुंबक. स्मारांदा, माझ्या कोटाच्या खिशात बघ, रुमालात गुंडाळलंय.

स्मारांदा : सगळ्यांदेखत?

तुदोर : सगळ्यांदेखतच फिरवायचं असतं. इथं चिकटलं... इथं चिकटलं... इथं? का रे, इथं का पडलं? खाली पत्रा नाही, लांबी भरलीय.

विओरेल : तिथं जरा... दुकानाच्या गेटला घासली होती.

तुदोर : मास्तरांनी चर्चच्या गेटला घासली का?

स्मारांदा : बाबा, त्यापेक्षा ती निळी बघा. नवी आहे, सुरक्षित आहे. मी थोडे पैसे घालते.

तुदोर : तू तीन पोरं वाढवतेस, तू काही घालणार नाहीस. आणि त्या निळीत खारवलेल्या कोबीचं पिंप कुठं ठेवशील? मांडीवर? पोरं, तुझी आई, पिंप, माझ्या वाइनचे बुधले, एवढं मावलं तर ती गाडी. बाकी सगळा दागिना.

स्मारांदा : दरवर्षी एवढा कोबी कोण खातं बाबा?

तुदोर : तू खातेस. क्रायोव्हाला, तुझ्या घरी, डबे भरभरून नेतेस आणि वर विचारतेस.

विओरेल : मग काका, ही करडी पक्की? साडेचार हजार युरो.

तुदोर : त्या लांबी भरलेल्या दाराचे कमी कर. चार.

विओरेल : चार दोनशे. माझ्या मुलांची शपथ.

तुदोर : मुलांना मध्ये आणू नकोस, त्यांनी काही केलेलं नाही. चार दोनशे. सोमवारी येतो, पोरीच्या नावावर करायची. राखून ठेव.

विओरेल : थोडं आगाऊ...

तुदोर : मी येतो म्हटलंय ना? चल गं पोरी. कोपऱ्यावर खिम्याचे रोल भाजतोय, वास आला का? मोहरी लावून दोन-दोन खाऊ. आईला सांगू नको.

स्मारांदा : तिला कोटाचा वास येतोच.

तुदोर : मग कोट तू घाल.

(सव्वा महिन्यानंतर. तेच अंगण. स्मारांदाबरोबर तिची आई वेता आहे. दोघी काळ्या कपड्यांत.)

विओरेल : या, या! ताई, तुमची ती करडी गेली हो. आठवडाभर थांबलो काकांसाठी, फोन केला, कुणी उचलला नाही. काका कुठे आहेत?

स्मारांदा : ते नाही आले.

वेता : कसा येईल? पुरलाय त्याला. तुला राखून ठेव सांगून घरी आला, जेवला नाही, रोल खाऊन आला होता ना. झोपला तो सकाळी उठलाच नाही.

विओरेल : अरे देवा. देव त्यांना क्षमा करो. मावशी, इथं उभे राहून माझ्या गाडीला शिव्या देत होते हो. धडधाकट.

वेता : शिव्या द्यायला तब्येत लागत नाही.

स्मारांदा : दुसरं काय आहे? सरकती दारं हवीत, मागे जागा हवी. बजेट तेच आहे.

विओरेल : दोन आहेत. ही लाल, सात सीट, आत पडदे आहेत. आणि ती पिवळी. ती एका बेकरीवाल्याची होती, खरंच बेकरीवाल्याची, हे मी बनवून सांगत नाही. नाकाला कळेल.

स्मारांदा : लाल बुटकी आहे. पिवळीचं मागचं दार उघडा.

विओरेल : जरा जोर लावावा लागतो... हं.

स्मारांदा : जोर का लागतो? रूळ वाकलाय की वाळू आहे? बाबा विचारतील.

विओरेल : ताई...

वेता : ती बोलते अशी. तू उत्तर दे.

विओरेल : पीठ आहे रुळात. इतक्या वर्षांचं साचलेलं. गरम पाण्यानं धुतलं की सुटेल.

स्मारांदा : आई, बसून बघ. मी धरू?

वेता : धरू नकोस. कुणी धरलं की मला पडायला होतं. हा पाय... हा... बसले! बसले गं. कुणी ढकललं नाही मला.

स्मारांदा : उतरून दाखव.

वेता : आत्ताच बसले, लगेच उतरू? थांब जरा. उंचावरून बरं दिसतं. त्या विओरेलचं टक्कल पण दिसतंय.

विओरेल : बघा, मावशींना आवडली.

वेता : आवडायचं काय त्यात? पिवळीधमक आहे. अंगावर काळं आणि बुडाखाली पिवळं. अजून सहा आठवडे नाही झाले. गाव म्हणेल, म्हातारी नवऱ्याला पुरून जत्रेला निघाली.

स्मारांदा : बाबा म्हणतात, रंगात माणसं बसत नाहीत, सीटवर बसतात.

वेता : म्हणतात?

स्मारांदा : लोहचुंबक फिरवते मी. रुमाल धर आई.

विओरेल : फिरवा. ताई, एक सांगू? क्लच वसंतापर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही. काका असते तर मी तोंड उघडलं नसतं. त्यांनी पहिल्या चढालाच ओळखलं असतं आणि मग घासाघीस झाली असती. तुमच्याशी घासाघीस करायला मला जमणार नाही. क्लचचे वजा करून सांगतो, तीन आठशे.

स्मारांदा : ठीक आहे. सही कुठे करू?

विओरेल : कमी करायला सांगा ना थोडं. असं कुणी घेतं का?

स्मारांदा : सही कुठे करू?

(थोड्या वेळानं. पिवळी गाडी घराच्या रस्त्याला लागलीय, स्मारांदा चालवतेय.)

वेता : उजवीकडून घे, तिकडं खड्डा आहे. दुसरा टाक. नाही, दुसरा.

स्मारांदा : दुसराच आहे आई.

वेता : तुझा बाप इथं तिसरा टाकायचा.

स्मारांदा : तू तर दुसरा म्हणालीस.

वेता : मला काय कळतं गिअरमधलं. पावाचा वास येतोय खरंच. मुलं खूश होतील. शनिवारी त्याचं सहा आठवड्यांचं दान आहे, लक्षात आहे ना? त्याच्या नावानं द्यायचं सगळं घेऊन ठेवलंय. खुर्ची, पलंगाची चादर, उशी, बादली, आरसा. बादली गल्लीतल्या त्या निकाला देणार, ती विहिरीचं पाणी भरते. त्यालाही तिकडं पाणी मिळेल.

स्मारांदा : हं.

वेता : ताटं पुन्हा विकत घ्यावी लागली. वाट्या आणि चमचे पण.

स्मारांदा : ताटं तर पुरलं त्या दिवशी दिली. मीच वाटली, अख्ख्या गल्लीला.

वेता : वाटलीस. ताट, मेणबत्ती, टॉवेल. आणि तोंडातून शब्द नाही.

स्मारांदा : म्हणाले असेन.

वेता : नाही म्हणालीस. मी शेजारी उभी होते. 'घ्या' म्हणायचीस. 'घ्या, घ्या', जशी काही दुकानात उभी आहेस. ज्याच्यासाठी देतो त्याचं नाव घ्यावं लागतं. नाव घेतलं की समोरचा बोगदाप्रोस्ते म्हणतो, देव त्याला क्षमा करो म्हणून, आणि त्यानं म्हटलं की ते तिकडं पोचतं. तू नाव घेतलं नाहीस. लोक आपले ताट हातात घेऊन उभे, काय म्हणावं कळेना. ती ताटं कुणाला पोचली देव जाणे. तुझा बाप तिकडं सूप ओंजळीत घेऊन बसला असेल.

स्मारांदा : आई.

वेता : हस. शिकलेली आहेस, हस.

स्मारांदा : हसत नाहीये. मला काहीच होत नाहीये. शाळेत जाते, वह्या तपासते, मुलांचे डबे भरते. भूक लागते. झोप लागते. काल स्टाफरूममध्ये कुणीतरी विनोद केला तर मी वेळेवर हसले.

वेता : मला कुठं भूक लागत नाही? परवा रात्री अर्धी कढई संपवली. त्याच्या वाट्याचं पण मीच खाल्लं. शाळेत काय सांगितलंस गं रजा घेताना?

स्मारांदा : घरी काम आहे म्हणाले.

वेता : काम.

स्मारांदा : होतंच ना काम.

वेता : हळू घे, अंड्यांचा टेम्पो आहे पुढे. हे बघ, मी एक ठरवलंय. ही गाडी पण त्याला द्यायची.

स्मारांदा : दान करायची? आई, आत्ता घेतली! मुलांना काय, सायकलवर आणू?

वेता : सगळी कुठं द्यायची? पहिली खेप द्यायची. कुणाला तरी बसवायचं, त्याच्या नावानं न्यायचं, आणायचं. मग तिकडं त्याला पण मिळेल एक फेरी. शेवटी गाडी गाडी करतच गेला.

स्मारांदा : असं कुठं असतं का?

वेता : असतं. आजपासून.

स्मारांदा : फादरना विचारलंस?

वेता : फादरना काय विचारायचं, ते म्हणतील अख्खीच द्या, चर्चला.

स्मारांदा : कुणाला बसवायचं?

वेता : पर्वूला.

स्मारांदा : पर्वूकाकांना? कुंपणाच्या अक्रोडावरून बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मी कॉलेजात होते तेव्हापासून.

वेता : म्हणून तर. आवडत्या माणसाला कुणीही देतं, ते देवाच्या हिशेबात कमी धरतात. आणि पर्वूचे गुडघे गेलेत, आज इंजेक्शनला जायचंय, त्याची बस गेली. मी सकाळी कुंपणावरून बघितलं, डबा घेऊन परत आला.

स्मारांदा : ठीक आहे. तू म्हण मग, जे म्हणायचं ते.

वेता : मी नाही म्हणणार. गाडी तुझ्या नावावर आहे. ज्याची वस्तू, त्यानं म्हणायचं.

स्मारांदा : आई, मला नाही येणार.

वेता : एवढंसं वाक्य आहे. वर्गात पोरांकडून अख्ख्या कविता पाठ करून घेतेस.

स्मारांदा : ते वेगळं.

वेता : हे आलं त्याचं दार. हॉर्न वाजव. अजून. पर्वू! अरे ए पर्वू!

पर्वू : ऐकू येतं मला! एवढा हॉर्न काय, कोण मेलं— माफ कर वेता. जीभ आहे नुसती.

वेता : असू दे. ये, बस.

पर्वू : कशात? यात? पोस्टाच्या पिवळ्या गाडीवर लागलीस का गं पोरी?

स्मारांदा : नवी घेतलीय, काका. जुनीच, पण आम्हाला नवी. इंजेक्शनला सोडते तुम्हाला. परत पण आणते.

पर्वू : मला? तुझ्या बापाच्या गाडीत मला?

वेता : दानाची फेरी आहे.

पर्वू : असं पण असतं का आता?

वेता : असतं. पाय टाक आत. बघ किती सोपं आहे, माझा टाकून झालाय.

पर्वू : थांब, थांब. दानाची असेल तर असा नाही बसणार. कुणासाठी बसू?

स्मारांदा : बसा ना काका. वारं सुटलंय. दवाखाना बंद होईल.

पर्वू : होऊ दे. पोरी, तुझ्या हातचं ते ताट अजून माझ्या फडताळात आहे. वापरलं नाही मी. टॉवेलची घडीसुद्धा मोडली नाही. काय म्हणून वापरू? कुणाचं ते कुणी सांगितलंच नाही. अक्रोडावरून भांडलो ते खरं आहे, पण त्याचं ताट मी फुकट खाणारा माणूस नाही.

वेता : बघ. बघ म्हटलं होतं ना.

पर्वू : तू गप बस वेता. तिला बोलू दे.

स्मारांदा : मला... काय म्हणायचं असतं?

पर्वू : काही नाही गं. कुणासाठी, एवढंच. मग मी म्हणतो माझं.

स्मारांदा : बाबांसाठी.

पर्वू : कुठल्या बाबांसाठी? बाबा सगळ्यांना असतात. देवाला नाव लागतं.

स्मारांदा : तुदोर.

वेता : हं.

स्मारांदा : तुदोरसाठी. माझे बाबा वारले, काका. बसा तुम्ही.