द्वारकाबाईचं मापटं

राम कृष्ण हरी, मंडळी! बसा, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं यावं, सतरंजीवर भरपूर जागा आहे. आणि ते खांबाला टेकलेले पाहुणे — मोबाईल खिशात घाला राव! देवाला रेंज लागत नाही!

तर आजचा प्रश्न ऐका. सोपा आहे. माणसाची गेलेली पत परत मिळते का?

परवा पुतण्याबरोबर एका बँकेत गेलो होतो. त्याला टेम्पो घ्यायचाय. काचेमागच्या साहेबांनी एक बटण दाबलं, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुमचं सिबिल खराब आहे." का? तर कधीकाळी गाडीचे तीन हप्ते थकवले होते पठ्ठ्यानं. पुतण्या म्हणाला, "मग ते सुधारायचं कसं?" साहेब म्हणाले, "कर्ज घ्या आणि वेळेवर फेडा." हा म्हणाला, "मग द्या की कर्ज!" साहेब म्हणाले, "तुम्हाला देता येत नाही, सिबिल खराब आहे."

हसू नका! हसताय काय? अडचण खरी आहे. ज्याची पत गेली त्याला कुणी देत नाही, आणि कुणी दिलंच नाही तर त्यानं फेडून दाखवायचं काय? डोकं खाजवत बसायचं?

आता मला सांगा, हे मशीन यायच्या आधी माणसाची पत कुठं लिहिलेली असायची? बोला, बोला, आयाबायांना ठाऊक आहे! — शेजारणीच्या मनात! बरोबर. म्हणून आज शेजारणीचीच गोष्ट सांगतो.

एक साखर कारखाना होता. कुठला ते विचारू नका, ऊस घालायचाय का तुम्हाला? त्या कारखान्याच्या मागं कामगारांची चाळ. अकरा खोल्या, समोरून एकच लांब ओटा. पाचव्या खोलीत द्वारकाबाई. नवरा विश्वनाथ कारखान्याच्या काट्यावर होता, उसाच्या गाड्यांचं वजन करायचा. पदरात एकुलती एक लेक, मालन.

त्या चाळीत उसनवारीचा एक रिवाज होता. ज्वारी म्हणा, तांदूळ म्हणा, संपलं की शेजारी मागायचं. मोजायचं मापट्यानं. अलीकडच्या पोरींना मापटं म्हणजे काय ते सांगायला हवं — पितळेचं माप, अर्ध्या शेराचं. प्रत्येक घरी सारखंच. तर उसनं घेताना घ्यायचं सपाट, काठाबरोबर. आणि परत करताना आपल्या मापट्यात भरून न्यायचं, वर शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग रचून! ती वरची शीग म्हणजे व्याज नव्हे हो. ती म्हणजे, "बाई, तू वेळेला उपयोगी पडलीस, मी विसरले नाही."

किती छान रिवाज! आणि तो मोडला कसा, ऐका.

मालन दहा वर्षांची असेल. कारखान्याचा सीझन बंद पडला होता आणि विश्वनाथला निम्माच पगार मिळत होता. घरात ओढाताण. अशात एक दिवस द्वारकाबाईच्या हातून मापटं सुटलं आणि ओट्याच्या दगडावर आपटलं — ठण्ण! उचलून बघते तर बूड आत गेलेलं. चांगलं दोन बोटं आत. आता वर शीग लावली तरी एक मूठ धान्य कमीच भरणार.

त्याच दिवशी तिला पहिल्या खोलीतल्या गोदूमावशीची ज्वारी परत करायची होती. गोदूमावशी म्हणजे चाळीतली सगळ्यात थोरली बाई. द्वारकाबाईनं मापटं भरलं. वर शीग लावली. बघितलं. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक! मनात आलं, दुसऱ्या भांड्यानं एक मूठ वर घालावी. मग मन म्हणालं, "जाऊ दे गं. एका मुठीनं काय होतंय?"

मंडळी, माणूस बुडतो तो या वाक्यानं! "एका मुठीनं काय होतंय!" "एका दिवसानं काय होतंय!" कुणी म्हणालंय आजवर, की चला, आज आपण आपलं नाव घालवू या? कुणी नाही!

पुढं सीझन सुरू झाला. पगार पूर्ववत झाला. तांबटाकडं दिलं असतं तर बूड ठोकून सरळ करायला घटकाभर लागली नसती. पण द्वारकाबाईनं दिलं नाही. गरज गेली, सवय राहिली. आठ वर्षं, मंडळी! आठ वर्षं ती बाई दहा घरांत वरून शीग लावून खालून मूठ मारत राहिली. नवरा काट्यावर किलोकिलोचा हिशोब चोख ठेवतोय, आणि बायकोचं माप हे असं!

बायकांना कळलं नसेल? अहो, बायकांना! धान्य डब्यात ओततानाच हाताला कळतं. गोदूमावशीनं आपल्या मापट्यात ओतून बघितलं, काठाला लागेना. तिनं चौथ्या खोलीतल्या सरूबाईला सांगितलं, सरूबाईनं सगळ्यांना. पण द्वारकाबाईला कुणी काही म्हणालं का? छे! मूठभर ज्वारीसाठी तोंडावर काय बोलायचं? भिडेची माणसं! नुसतं एवढंच झालं, की पुढं पुढं द्वारकाबाई दारात आली की चारांत तीनदा जी ती म्हणायची, "अगंबाई, आत्ताच संपलं बघ." द्वारकाबाईला वाटायचं, काय मेलं आजकाल सगळ्यांचंच संपतंय!

आता मालन अठरा वर्षांची झाली. मुलगी गुणाची, दिसायला नीटस, बोलायला मोकळी. तिला एक स्थळ आलं. मुलगा जनार्दन, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. बघायला आला, पोहे खाल्ले, आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तुम्हाला वाचायला आवडतं का?" मालननं मान वर करून सांगितलं, "आवडतं. पण पुस्तकं मिळत नाहीत." तो म्हणाला, "माझ्याकडं पेटीभर आहेत." बस. एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून पोरगी ओट्यावर बसली की उगाच हसायची. मायमाऊल्यांनो, तुम्हाला सांगायला नको.

मुलाकडून होकार आला. फक्त चौकशी राहिली होती. त्या काळी चौकशी कशी व्हायची? मुलाची आत्या एक दिवस चाळीत आली आणि सरूबाईच्या दारात पाणी मागितलं. पाणी पिता पिता विचारलं, "पाचव्या खोलीतल्या द्वारकाबाई, घर कसं आहे हो?"

"चांगलं आहे की! पोरगी तर सोन्यासारखी आहे."

"आणि देण्याघेण्याला?"

बाळोबा, मृदंगावरचा हात काढा जरा. टाळ थांबवा.

...

बघा. एवढा वेळ सरूबाई थांबली. एवढाच! मग म्हणाली, "बरं आहे... ठीक आहे." वाईट एक शब्द बोलली नाही. पण आत्या पाच लेकी उजवलेली बाई. तिनं तांब्या खाली ठेवला आणि गोदूमावशीच्या दारात गेली. तिथंही तेच विचारलं. गोदूमावशीही थांबली.

आठ दिवसांनी पत्र आलं. "योग दिसत नाही. राग नसावा." मालननं ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून आईच्या हातात दिलं आणि भाकरी थापायला बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

द्वारकाबाई मात्र पेटली! तिला बातमी लागली होती, आत्या कुठं कुठं गेली ते. तरातरा गोदूमावशीच्या दारात. "माझ्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलंत! काय सांगितलंत तिला?"

"काही नाही सांगितलं, द्वारके."

"मग चांगलं का नाही सांगितलंत?"

गोदूमावशी उठली. म्हणाली, "तुझं मापटं आण." द्वारकाबाईचा चेहरा उतरला. पण आणलं. मावशीनं ते ज्वारीनं भरलं, छान शीग लावली आणि आपल्या मापट्यात ओतलं. काठापाशी रिकामी जागा राहिली. मावशीनं त्यात एक मूठ टाकली. तेव्हा भरलं.

"ही बघ," म्हणाली, "आठ वर्षांची ती मूठ. मी खोटं कसं बोलू गं? आणि खरं बोलवेना. म्हणून गप्प बसले."

द्वारकाबाई म्हणाली, "मावशी, पहिल्याच दिवशी का नाही बोललात? दोन कानफटात का नाही मारल्यात?"

आणि मंडळी, त्यावर गोदूमावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "चुकलं माझं. बूड आत गेलंय तुझ्या मापाचं, एवढंच सांगायचं होतं. भीड आडवी आली."

घरी आली तर मालन चुलीपुढं. द्वारकाबाई म्हणाली, "तुला ठाऊक होतं?" मालन म्हणाली, "हो. धान्य परत द्यायला मीच जायची की." आणि म्हणाली, "मला वाटायचं, आई उद्या सरळ करून आणेल."

बघा मंडळी, पोरीचा तो उद्या आठ वर्षं आला नाही!

जुनं मापटं माळ्यावर गेलं. बाजारातून नवंकोरं आणलं. पण घेऊन करते काय? देतंय कोण? जाईल तिथं, "संपलं बघ." दिवाळीत दहाही घरी लाडू वाटून आली. बायकांनी घेतले, ताटलीत साखर घालून ताटली परत केली, आणि दारं लावून घेतली. माझ्या पुतण्याचीच गत!

शेवटी गोदूमावशीच म्हणाली, "वाटल्यानं पत येत नाही, बाई. घेतलेलं नीट परत केल्यानं येते. कुणी देत नाही ना? मी देते. दर गुरुवारी माझ्याकडनं मापटंभर ज्वारी ने. गरज नसली तरी ने. शनिवारी परत आण. पदराखाली झाकून नको. मधल्या सगळ्या दारांवरून, उघडं."

आणि द्वारकाबाई न्यायला लागली. गुरुवारी न्यायची, शनिवारी आणायची. पाचव्या खोलीपासून पहिल्या खोलीपर्यंत, दोन्ही हातांत शिगेचं मापटं धरून. पहिल्या वर्षी कुणी मान वर करून बघितलं नाही. एकजण तर म्हणाली, "आता नाटकं चाललीत!" ऐकलं, आणि पुढं गेली. दुसऱ्या वर्षी सरूबाई म्हणाली, "टेक जरा ओट्यावर." तिसऱ्या वर्षी एका सकाळी सरूबाई स्वतः रिकामं मापटं घेऊन दारात उभी. "द्वारके, गहू आहेत का गं? पाहुणे आलेत." मागायला आली, मंडळी! द्वारकाबाईनं शिगेवर शीग अशी भरली, की निम्मे गहू जमिनीवर सांडले.

तीन वर्षं! मुठीमुठीनं गेलेलं मुठीमुठीनंच परत येतं. त्याला दुसरा रस्ता नाही.

त्याच वर्षी मालनला पुन्हा स्थळ आलं. बिजवर होता. पहिली बायको गेलेली, एक चार वर्षांची मुलगी. माणूस सज्जन, पण वयानं बारा वर्षांनी मोठा, आणि राहायला दोन जिल्हे पलीकडं. एकवीस वर्षांच्या पोरीला, एकदा मोडलेल्या लग्नानंतर, आणखी कसली स्थळं येणार होती? त्याचे मामा चौकशीला आले. सरूबाईच्याच दारात! विचारलं, "देण्याघेण्याला कसं आहे घर?"

सरूबाई ताडकन म्हणाली, "डोळे झाकून सोयरीक करा!"

जराही थांबली नाही. भिंतीपलीकडं द्वारकाबाईनं ते ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून ढसाढसा रडली. हेच चार शब्द तीन वर्षांपूर्वी हवे होते हो! जनार्दनाचं केव्हाच लग्न झालं होतं. बाजारात एकदा मालनला भेटला होता, कडेवर मूल होतं. "बऱ्या आहात ना?" म्हणाला. ही म्हणाली, "बरी आहे." घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं आईला.

लग्न झालं. पाठवणीची वेळ. गाडी उभी. गोदूमावशी काठी टेकत आलेली. मालन सगळ्यांच्या पाया पडली आणि आईला म्हणाली, "माळ्यावरचं जुनं मापटं मला दे."

"अगं, ते कशाला? नवं घेऊन जा की!"

"नको, तेच दे. मोजायला नाही नेत. डोळ्यांसमोर असू दे."

द्वारकाबाईनं शिडी लावली, मापटं काढलं, पदरानं पुसलं आणि लेकीच्या हातात दिलं. मालननं ते उलटं करून आत गेलेल्या बुडावरून हात फिरवला. मग आईच्या गळ्यात पडली, आणि तीन वर्षांचं राहिलेलं रडणं तेव्हा रडली.

तर मंडळी, गेलेली पत परत मिळते का? मिळते! द्वारकाबाईला मिळाली. पण ती नव्हती त्या काळात जे दारातून निघून गेलं, ते काही परत येत नाही. पुतण्यालाही मी हेच सांगितलं, टेम्पो मिळेल रे तुला एक दिवस, पण या हंगामातलं भाडं गेलं ते गेलं.

आणि तुम्ही! नुसत्या द्वारकाबाईला नावं ठेवून घरी जाऊ नका. तुमच्या ओट्यावर कुणाच्या मापाचं बूड आत गेलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग पाठीमागं कुजबुजता कशाला? आज जाऊन हळूच सांगा. त्याची लेक अठरा वर्षांची व्हायच्या आत सांगा!

शेवटचं एक बोलतो आणि संपवतो. तुम्ही बसलात त्या सतरंज्या कुठल्या? शाळेतनं आणल्या. गेल्या वर्षीही आणल्या होत्या. परत किती गेल्या? दोन कमी! हेडमास्तर काही बोलले नाहीत, भला माणूस. यंदा मागायला गेलो तर दिल्या त्यांनी. हो म्हणाले, दिल्या.

पण मंडळी, हो म्हणायच्या आधी जरा थांबले.

कळलं ना? आता सांगा, त्या दोन सतरंज्या कुणाच्या घरी आहेत? उद्या सकाळी सगळ्या झाडून, घड्या घालून, वर एक नवी ठेवून शाळेत कोण पोचवणार? हात वर करा.

बाळोबा, मृदंग नको. विठ्ठलाचं नाव मागाहून घेऊ. आधी हात वर होऊ देत, मी थांबतो.