पी-श्या वहिनी कचरा टाकायला उतरते

वान-रू : अगं वहिनी, पिशवी हातात धर ना, पोटाशी काय कवटाळतेस! लेकरू आहे का ते?

पी-श्या : तू गप गं. किती वाजले?

वान-रू : सहा. कचरागाडी सहा दहाला येते. पाय नीट टेकलेत ना?

पी-श्या : पाय कुठायत माझे, तेच कळत नाहीये.

वान-रू : हे काय, चपलांमध्ये आहेत. एक तुझ्या आणि एक दादाच्या.

पी-श्या : अगंबाई! खरंच की! हसू नकोस मेली, लोक बघतायत.

वान-रू : बघू देत. सगळी गल्ली पिशव्या घेऊन ताटकळत उभी आहे, तेवढीच करमणूक. दोन वर्षांनी पी-श्या वहिनी कचरा घेऊन खाली उतरलीय, काय चेष्टा आहे?

पी-श्या : मला वर जायचंय.

वान-रू : जा खुशाल. उद्या मी थायतुंगला गेले की तुझ्या पिशव्या कोण टाकणार? पोस्टाची बदली आहे, सहल नाही चार दिवसांत परत यायला. दादा संध्याकाळी बोटीवर कामाला. आणि नाश्त्याच्या दुकानातून रोज पिशव्या निघतातच. रस्त्यावर ठेवल्यास तर दंड, घरात ठेवल्यास तर झुरळं. मग दुकान कर बंद आणि जा लेकाकडे थायपेला, सूनबाईच्या हातचं खायला.

पी-श्या : तिचं नाव काढू नकोस. अंड्याच्या पोळीत साखर घालते ती.

वान-रू : मग?

पी-श्या : मग काय मग! वीस वर्षं चालवलंय मी दुकान. कचरागाडीच्या एका गाण्यापायी बंद करू? पण ती पियानोची धून नुसती लांबून जरी आली ना, की मी परत भूकंपात कोसळलेल्या त्या शटरखाली. तोंडात सिमेंटची धूळ, आणि बाहेर कचरागाडी वाजतेय. भूकंप थांबला, ड्रायव्हर पळाला, गाणं काही कोणी बंद केलं नाही. चार तास, वान-रू.

वान-रू : मला काय सांगतेस, बाहेर मीच होते ना! चार तास शटरच्या फटीला तोंड लावून तुला विनोद सांगत होते.

पी-श्या : सगळे शिळे होते.

वान-रू : ऐनवेळी ताजे कुठून आणू? आणि विषय काढलाच आहेस तर, नंतरचे पहिले सहा महिने आठव. गाडीच्या वेळेला कानात बोळे घालून बसायचीस आणि ओलं खरकटं सगळं फ्रीझरमध्ये.

पी-श्या : सगळेच ठेवतात फ्रीझरमध्ये. गाडी येईपर्यंत वास सुटू नये म्हणून.

वान-रू : एक दिवस ठेवतात! तू सहा महिन्यांचा साठा केलास. आणि दादानं त्यातलंच एक पुडकं काढून सूप केलं!

पी-श्या : दोन वाट्या प्यायला गं! वर मला म्हणतो, आज जरा वेगळी चव आहे, छान आहे.

वान-रू : कोलंबीची डोकी, पपईच्या साली आणि चहाचा चोथा!

पी-श्या : बाई बाई बाई, थांब, पोटात दुखायला लागलं. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

वान-रू : त्या दिवशी फ्रीझर उघडून बघितला आणि मी रडायला लागले. तेव्हापासून तुझ्या पिशव्या मीच टाकतेय. आणि तेव्हाच तर तुला ओढत नेलं ना देवळातल्या म्हातारीकडे.

पी-श्या : तिला हसायचं नाही हं. माझ्या ब्लाउजात तांदळाची वाटी गुंडाळली, माझ्या अंगावरून फिरवली, मग तांदूळ बघून म्हणाली, भ्यालेला जीव अजून तिथंच बसलाय. तीनदा नाव घेऊन हाक मारली तिनं. त्या रात्री मला झोप लागली.

वान-रू : लागली खरी. हे हॉस्पिटलातल्या फान बाईंना सांगताना मात्र घाबरली होतीस.

पी-श्या : मला वाटलं, शिकलेली बाई, मनाची डॉक्टर, हाकलून देईल. तर म्हणते, झोप लागते ना, मग जात जा तिकडे. आणि मंगळवारी माझ्याकडेही या.

वान-रू : आणि पहिल्याच मंगळवारी काय दिलं, तर तीच धून गुणगुणायला! मला वाटलं गोळ्या देतील.

पी-श्या : तोंडातल्या तोंडात, एकच ओळ. मी गुणगुणले आणि त्यांच्या कुंडीत ओकले. बाई म्हणाल्या, छान सुरुवात आहे.

वान-रू : मग फोनवर हळू आवाजात ऐकायला सांगितलं, तर तू पोस्टात माझ्यासमोर येऊन लावलंस, तेही मोठ्यानं! गाडी आली समजून सगळी रांग दाराकडे धावली. एक आजी पार्सलच कचरा समजून घेऊन गेल्या!

पी-श्या : मला काय ठाऊक आवाज वाढलाय ते. तू जवळ असताना ऐकावं म्हटलं.

वान-रू : साहेबांनी मला झापलं त्यावरून.

पी-श्या : वान-रू.

वान-रू : काय?

पी-श्या : आलं. ऐकलंस?

वान-रू : हं. मागच्या गल्लीत आहे अजून.

पी-श्या : हात दे. लवकर दे.

वान-रू : हा घे. आता बाईंनी सांगितलंय तसं. समोर दिसतात त्या पाच गोष्टी सांग.

पी-श्या : छू आजोबांचं टक्कल.

वान-रू : एक.

पी-श्या : छू आजोबांची ढेरी.

वान-रू : अगं माणूस बदल!

पी-श्या : हसवू नकोस, श्वास पुरत नाहीये. ती बघ वळणावर आली, पिवळी गाडी. तिच्यावरचा फिरता दिवा. मागच्या फळीवर उभा राहून पिशव्या घेणारा तो आ-शेंग.

वान-रू : झाल्या पाच. पाय जमिनीला टेकलेत?

पी-श्या : टेकलेत. छाती फुटतेय, पण टेकलेत.

(गाडी दुकानासमोर येऊन थांबते. धून गल्लीभर.)

आ-शेंग : चला, चला, आटपा लवकर! अरेच्चा, अंड्याच्या पोळीवाल्या वहिनी! आज चक्क तुम्ही? या, टाका.

पी-श्या : टाकते. थांब जरा. हात उचलवत नाहीये.

वान-रू : मी टाकू?

पी-श्या : खबरदार हात लावलास तर! माझा कचरा आहे तो!

आ-शेंग : वहिनी, माफ करा हं, पुढची गल्ली खोळंबलीय. आम्ही निघालो.

पी-श्या : निघालो काय निघालो! ए! अरे ए आ-शेंग, थांब मेल्या!

वान-रू : वहिनी, पळू नकोस, चपला बघ आधी!

पी-श्या : खड्ड्यात गेल्या चपला! पळ, वान-रू, पळ!

आ-शेंग : फेका वहिनी, तिथनंच फेका!

पी-श्या : घे!

आ-शेंग : झेलली! एक नंबर, वहिनी! उद्या सहा दहाला!

पी-श्या : गेली! पिशवी गेली! वान-रू, मी धावले गं! ते गाणं वाजत होतं आणि मी त्याच्या मागे धावले, शिव्या देत धावले!

वान-रू : अख्खी गल्ली टाळ्या वाजवतेय बघ. छू आजोबा तर नाचतायत.

पी-श्या : आजोबा, उद्या सकाळी पोळी खायला या! दुकान कुठं जात नाही, मीही कुठं जात नाही! बाई गं, दम लागला. पण काय मस्त वाटतंय! ओरडावंसं वाटतंय.

वान-रू : ओरडतेच आहेस.

पी-श्या : चल वर, तुझं सामान बांधायचं राहिलंय. आता हात सोड की.

वान-रू : तूच धरलायस.

पी-श्या : मी केव्हाच सोडला. ही बघ, माझी बोटं उघडी आहेत. आणि केवढा गार पडलाय गं तुझा हात.

वान-रू : गाडी गेली ना?

पी-श्या : गेली. पुलापलीकडे गेली असेल एव्हाना.

वान-रू : मग मला ते गाणं अजून कसं ऐकू येतंय?

पी-श्या : रोज येतं?

वान-रू : रोज. जिना चढून वर येईपर्यंत. कधी कधी नंतरही.

पी-श्या : बस इथं पायरीवर. बस गं. मला आता कसलीच घाई नाही.