दोरीवरचं डुक्कर

(बोरी गावातलं घर. स्लॅबवर ऊन तापलेलं. कपड्यांच्या दोरीला मांसाच्या पट्ट्या टांगलेल्या. सविता नाकाला पदर लावून जिन्याच्या तोंडाशी उभी.)

सविता : आणि ते माझ्या साड्यांच्या चिमट्यांनीच लावायचं होतं?

योगीराज : चिमटेच हाईत ना. धुऊन घे.

सविता : धुऊन घे म्हणे! जाळून टाकीन मी ते. शी! तिकडं बघा, पाणी गळायलंय त्याच्यातून. थेट माझ्या सांडग्यांवर. अख्खा दिवस खपले मी त्या सांडग्यांसाठी.

योगीराज : मीठ सुटायलंय ते. मिरची, हळद, लिंबू लावून रातभर मुरवलं. कडक वाळलं की डब्यात भरायचं. जर्की म्हणतेत त्याला. फोनवर बघून केलंय सगळं.

सविता : मुरवलं कशात?

योगीराज : तुझ्या त्या मोठ्या पातेल्यात.

सविता : पुरणाच्या? अहो, पुरणाच्या पातेल्यात रानडुक्कर? या घरात मटणसुद्धा बाहेरच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजतं.

योगीराज : भाल्यानं मारलंय मी ते! तिघंजण मागं लागलो हुतो. गाव वाहवा करायलंय, आन् घरची बाई नाक धरून उभी.

दगडाबाई : वैनी, वर हाईत का? खाली हाक दिली तर कुणी बोलंना... अगं बया! चान्या टांगल्या व्हय?

योगीराज : चान्या न्हाई मावशी, जर्की.

दगडाबाई : नाव काय बी ठिवा. पट्टी तीच, मीठ तेच, दोरी तीच. आमी वाळू घातल्या की तुमची आजी आमच्या दारावरून तोंडाला पदर लावून जायची.

सविता : तुमच्या दारावरून मी कधी तशी गेले नाही, दगडाबाई. पण हे मला नाही बघवत.

दगडाबाई : लावा की पदर. वास येतोच. पर माशा कुठं हाईत?

योगीराज : हेच तर! सकाळपासून टांगलंय, एक माशी दिसंना. मसाल्याची कमाल हाय.

दगडाबाई : मसाल्यानं माशी हटती व्हय? आमी पोरी दिसभर फडकं घेऊन हाकलायचो, दंड भरून यायचे, तरी बसायच्या. वैनी, दोरीखाली काळं काळं काय पडलंय ते?

सविता : फोडणीची मोहरी सांडली का काय... शी, शी! माशा आहेत. मेलेल्या. सांडग्यांवर पण पडल्यात!

दगडाबाई : भैया, भाला कुठं लागला डुकराला?

योगीराज : मानंत. म्हंजे, पोटात.

दगडाबाई : मानंत का पोटात?

योगीराज : तुला काय करायचंय मावशी?

दगडाबाई : मंगळवारी तात्यारावाच्या रानात मजुरीला हुते, भुईमुगात कणकेचे गोळे मीच ठिवले, डुकरांसाठी. आत औषध हुतं. हाताला पिशव्या बांधून ठिवले. खरं सांगा, कुठं घावलं?

योगीराज : तात्यारावाच्या बांधाला पडलं हुतं. पण गरम हुतं अजून! तोंडाला फेस हुता. मला वाटलं, पळून पळून दमलं आन् मेलं. मांडी तेवढी कापून आणली, बाकीचं खड्डा करून पुरलं.

सविता : आणि भाला? ते तिघंजण?

योगीराज : एकटाच हुतो.

सविता : मघापासून डुकराची किळस येत होती. आता तुमची यायलीय. खाल्लं का त्यातलं?

योगीराज : न्हाई. वाळल्यावर खाणार हुतो. फक्त...

सविता : फक्त काय?

योगीराज : सकाळी एक पट्टी तव्यावर भाजून भक्तीला दिली. म्हणलं, बापाची शिकार हाय, चव बघ.

सविता : सात वर्षांच्या लेकराला? भक्ते! ए भक्ते!

भक्ती : आले की आई. काय झालं?

सविता : सकाळी बाबांनी दिलं ते खाल्लंस तू? खरं बोल.

भक्ती : बाबा रागावतील.

योगीराज : न्हाई रागवत, बाळा. सांग लवकर.

भक्ती : मला लय किळस आली. नाही खाल्लं मी.

दगडाबाई : देवा! वैनी, खाली बसा आधी.

योगीराज : मग टाकलीस कुठं?

भक्ती : मोत्याला दिली. त्यानं लगेच खाल्ली. तवापासून झोपलाय, हाक मारली तरी उठंना. मी कवाची त्याच्या अंगावरच्या माशा हाकलायलेय.