तान्हाबाईचं भाडं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न आहे. खोटं उघडं पडलं की आपण विचारतो, बोललं कोण? पण त्या खोट्यात बसून रोज बाजाराला गेलं कोण, हे कधी विचारलंत?

नाही ना? मग ऐका!

खिंडीच्या वर कोळवडी नावाचं गाव. तिथला हा गोरक्ष डुंबरे. पुराणातला गोरक्ष नव्हे हो, व्हॅनवाला! गाडी स्वतःची. पहिल्या दिवशी नारळ फोडला, हार घातला, चाकाखाली लिंबं चिरडली. सगळं केलं! एक गोष्ट राहिली. पाटी पिवळी केली नाही!

पांढरी पाटी म्हणजे घरची गाडी. आईला दवाखान्यात न्या, बायकोला माहेरी न्या. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची. तिचा कर वेगळा, परवाना वेगळा, ठरल्या मुदतीला तपासणी. आणि विमा? महाग! का महाग? त्यात बसलेल्या माणसाच्या हातापायांची जबाबदारी असते म्हणून!

गोरक्षाला ठाऊक नव्हतं? होतं! विम्याचं काम करणारे पोपटशेठ गावचेच. गोरक्षाने विचारलं, "शेठ, भाडं मारतो म्हणून लिहायचं ना?"

शेठ हसले. "येड्या, घरगुती लिही! बघतंय कोण? आणि भाडं वाढवलंस तर बसेल का कुणी?"

बघा, शेवटचं वाक्य बघा! गोरक्षाने सही केली. खोटं आहे हे ठाऊक असून केली! पण सकाळी सहाला पारापाशी अकरा माणसं उभी असायची. आठांच्या गाडीत अकरा! कुणी पाटीकडे पाहिलं? भाड्याकडे पाहिलं!

(मृदंगवाले बुवा, तुम्ही हसू नका. तुमच्याकडे येतोय मी.)

त्या अकरांत एक तान्हाबाई. मेथीच्या जुड्या विकणारी, एकटी, साठीची. एकदा सुटे नव्हते, तर दुसऱ्या दिवशी पाराशी उभी राहून आधी कालचं भाडं दिलं, मग गाडीत पाय ठेवला. अशी बाई!

आणि एका सकाळी खिंडीच्या वळणावर टायर फुटला. गाडी रस्त्याकडेच्या चारीत आडवी! दहा जण खरचटले. तान्हाबाईची मांडी मोडली. डॉक्टर म्हणाले, रॉड घालावा लागेल. पैसा नव्हता, तशीच घरी आणली.

आता विमा कंपनीचा तपासणीस यायचा होता. पोपटशेठ धावत आले. (आपला कागद वाचवायला, दुसरं काय!) "गोऱ्या, तान्हाबाई तुझी मावशी! फुकट नेलंस! एवढं बोल, तिच्या पायाचे पैसे मिळतील." सगळ्या गावाने माना डोलावल्या. एका दिवसात अख्खं गाव गोरक्षाचं नातेवाईक झालं, हो! लग्नाला नव्हते इतके!

तपासणीस तान्हाबाईच्या पडवीत बसला. ती खाटेवर, गोरक्ष आणि शेठ उभे.

"या तुमच्या कोण?"

 गोरक्षाने त्या मोडक्या पायाकडे पाहिलं. "मावशी लागते, साहेब."

"भाडं घेत होता?"

"मावशीकडून... कसं घेणार?"

तान्हाबाई कोपरावर उठली. "कुणाची रं मावशी? सायेब, बारा वर्सं रोज भाडं दिलंया म्या! ह्याच्या हातात! फुकट बसनारी म्हनून माझं नाव कागदावर लिवायचं नाय!"

शेठ खोकले. "आजी, पायाचे पैसे जातील..."

"पाय माझा हाय, शेठ. तुमी गप ऱ्हावा!"

तपासणीसाने फाईल मिटली. दावा बाद!

अरे, पण कंपनीने बारा वर्षं हप्ते घेतले! तेव्हा एकदा तरी विचारलं, ही गाडी रोज कुठे जाते? नाही! पाय मोडल्यावर नियम आठवला! आणि गाव? गावाने शिव्या कुणाला दिल्या? शेठला? कंपनीला? तान्हाबाईला, मंडळी! मोडक्या पायाच्या म्हातारीला!

गोरक्षही दोन दिवस तिच्यावर धुमसला. तिसऱ्या दिवशी तिच्या पडवीत आला, उंबऱ्यापाशी बसला. "आजी, सही माझी होती." रस्त्याकडची जागा विकून त्याने तिच्या पायाचं ऑपरेशन करवलं. गाडी नीट केली, कर भरला, खरा विमा उतरवला. पाटी पिवळी! आणि भाडं पाच रुपयांनी वाढलं.

सोमवारी सहाला तो पाराशी आला. अकरा माणसं उभी. त्यांनी पिवळी पाटी पाहिली, भाडं ऐकलं आणि मागून आलेल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत चढली! अकराच्या अकरा! सगळ्यात आधी कोण? पोपटशेठ!

रागावून सांगतोय, कारण राग येतो मला!

चार महिन्यांनी कुबडी टेकत एकच बाई आली. पुढच्या सीटवर बसली, वाढीव पाच रुपये मोजून दिले. "चल. मेथी सुकतीय." रिकाम्या गाडीत एकटी तान्हाबाई!

आता तुमच्याकडे येतो. बाहेर सात व्हॅन उभ्या आहेत. आत येताना मी पाट्या पाहिल्या. सातही पांढऱ्या! आणि लपवत नाही: त्यातल्या एकीतून हा मृदंग आला, पेटी आली, मीही आलो. भाडं कमी म्हणून खूश होऊन आलो!

गजर तुमच्या ओठांवर आलाय, दिसतंय. थांबा! देवाचं नाव आत्ता माझ्या तोंडून निघणार नाही. आधी उठा. ज्या गाडीत बसून घरी जाणार, तिची पाटी बघून या, मालकाला विचारून या.

चला बुवा. पहिले आपण दोघं.