तिसरी हाक

आमचं गाव चाकणच्या अलीकडं, तुमी आता आला ना त्याच रस्त्याला, जिथं कंपनीचे कंटेनर लायनीत उभे असत्यात तिथं आमचा हरभरा असायचा, सांगून कुणाला खरं वाटत न्हाई. माझा जलम तिथला, आन् दिली बी गावातच, सासर-माहेर एका हाकेवर. हाकेचंच सांगायचं हाय तुमाला, पण आदी विहीर सांगू द्या.

विहीर आमच्या रानात व्हती, काळ्या दगडाची, काठावर साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, सात दगड, शेंदूर लावल्याले. आई म्हणायची, भर दुपारी विहिरीकडनं येताना मागनं हाक आली तर वळायचं न्हाई, जिवंत माणूस तीनदा हाक मारतं, तिसरी आल्याबिगर ओ द्यायची न्हाई. माझी थोरली बहीण कौसा, मी तिला आक्का म्हणायची, ती मला चिमे म्हणायची, बाकी समद्यांना मी शकुंतला, चिमे फकस्त तिची.

एका दुपारी पाणी काढून झालं, मी दोर खांद्यावर घेऊन म्होरं निघाले, ती घागर घासाया मागं ऱ्हायली. बांधापातूर गेले आन् हाक आली, चिमे, दे इकडं. मी उभी ऱ्हायले, वळले न्हाई. दुसरी आली, चिमे, दे, जरा बारीक आवाजात. मी बोटं मोजत उभी, आता तिसरी यील, आता यील. पाखरू बी वरडत नव्हतं. तिसरी आलीच न्हाई, मी घरी गेले, भाकर खाल्ली, आन् दिस कलताना बापानं त्याच दोरानं आक्काला वर काढली. मला इचारलं, तुला काय ऐकू आलं का गं, मी म्हणले, न्हाई. नऊ वर्साची व्हते वो मी. आजपातूर कुणाला बोलले न्हाई, तुमालाच सांगते.

मग रान गेलं, विहीर मुरूम टाकून बुजवली, दगड बी आतच गेले, कुणी निवद दाखवला न्हाई का हात जोडले न्हाईत. फिरत फिरत ती जागा एका बिल्डरच्या हातात आली, त्यानं मैदान केलं, हिरवंगार, आन् मला तिथंच काम लागलं, गवताला पाणी मारायचं, दोर ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखायच्या. डाव्या अंगाची रेघ विहिरीवरनंच जायची. तिथं किती बी पाणी मारा, घटकेत जिरून जायचं. मी दुपार व्हायच्या आत तेवढं उरकायची.

माझी लेक सोनाली तोवर रग्बी शिकल्याली. देहूरोडला शाळेत फौजेतनं आल्याले एक सर व्हते, त्यांनी नाद लावला. काय सांगू तुमाला, बॉल नारळावाणी लांबुळका, आन् म्होरं द्यायचाच न्हाई, मागंच द्यायचा. मी सरांना म्हणले, पळता पळता मागं कोण हाय ते कसं कळायचं, सर म्हणले, बघायचं न्हाई मावशी, मागनं हाक आली की तिकडं द्यायचा, पयल्या हाकेला. मला आईचं ते तीन हाकांचं आठवलं. पण म्हणलं बरं हाय, माझ्यावाणी उभी तरी ऱ्हानार न्हाई.

मग त्याच मैदानावर ती मोठी स्पर्धा आली. परदेशातल्या पोरी, परतेक संघाला येगळा मालक, बोली लावून पोरी घेतल्याल्या, सात-सात जणी, सात मिनटांचे दोन डाव. आमच्या बिल्डरनं बी संघ केला आन् सोनालीला घेतली, म्हणला नीट खेळलीस तर कायमची ठेवतो. घरात ती एकच आस व्हती, राव. तिच्या बापाचं काम सुटल्यालं.

सामना भर बाराला. शेवटचं मिनिट, सोनालीनं बॉल घेतला आन् डाव्या अंगानं पळत सुटली, म्होरं कुणी न्हाई, मी दोरीला धरून वरडतेय पळ, पळ. विहिरीवरल्या त्या रेघंपाशी आली आन् मधीच तिनं बॉल मागं दिला. मागं कुणीच नव्हतं. असला बॉल पडला की कुठं बी उड्या मारतो, पण तिथं तो पडला आन् टोकावर उभा ऱ्हायला. हललाच न्हाई. घटकाभर समदे बघतच ऱ्हायले, परदेशातल्या पोरी बी.

सामना गेला. मालक म्हणला, वाऱ्याला पास देते का ही, आन् तिला काढली. पोरगी रडली न्हाई. घरी येऊन म्हणली, आई, खरंच हाक आली गं, कुणीतरी बाई अगदी माझ्या खांद्याशी, दे इकडं, दे इकडं. पण माझं नाव न्हाई घेतलं तिनं. आई, चिमी कोण गं?

मी ताट खाली ठिवलं आन् तिच्याकडं बघितलं. तोंडावरनं माझ्यावाणीच दिसती ती.

दुसऱ्या दिवसापासनं मी कामाची येळ बदलली. डाव्या अंगाची ती रेघ आता बाराच्या ठोक्याला मारते. हाक येती, मागनं, एकदाच. मी पयल्याच हाकेला वळते, म्हणते, व्हय आक्का, आले, माझ्या लेकीला सोड, आन् रेघंच्या दोराचं एक टोक तिथं गवतावर टाकते, दुसरं हातात धरते. सोनालीला त्यापास्नं हाक आली न्हाई, दुसऱ्या संघानं घेतलीय तिला, बरी खेळती. तुमच्या बी लेकीबाळी सुखात ऱ्हावोत. मी हाय तशी बरी हाय, फकस्त गवतावरल्या त्या टोकाला जराशी ओढ लागती, आन् मी दोर सोडत न्हाई.